खरेदी मोडण्याची मुभा

कर्जात रुतलेल्या माणसाला लोक आधी एकच गोष्ट विचारतात: एवढे घेतलेस तरी काय? उत्तर प्रश्नातच ठरलेले असते. ऐपतीबाहेरची एखादी मोठी खरेदी झाली असणार, नाहीतर लग्नकार्यात हात सैल सुटला असणार. आता उपरती झाली असेल तर खर्चाला कात्री लावावी आणि फेडत राहावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कुणब्याला हा प्रश्न एवढ्या वेळा विचारला गेला की त्याचे उत्तर सरकारी कागदांत जवळजवळ सिद्धान्त म्हणून रुजले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेल्या तेजीत शेतकऱ्याने बैल घेतले, गाड्या घेतल्या, बायकांच्या अंगावर चांदी घातली, मुलांची लग्ने थाटात लावली. तेजी ओसरली तरी हात आवरला नाही आणि म्हणून तो सावकाराच्या दारात गेला, अशी ही मांडणी आहे. त्या काळचेच पुरावे नीट वाचले तर ती टिकत नाही, असे मला वाटते. खरेदी कुणब्यानेही केली आणि मुंबईच्या शेठियांनीही केली. शेठियांची चूक कितीतरी पटींनी मोठी होती. पण चुकलेला व्यवहार मोडून, देणे तोडून पुन्हा उभे राहण्याची वाट एकाला कायद्याने दिली होती आणि दुसऱ्याला ती नव्हती. दख्खनच्या कर्जबाजारीपणाचा इतिहास मला या फरकाचा इतिहास वाटतो.

आधी तेजीकडे पाहू. १८६१ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाशिवाय पर्याय उरला नाही. कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला. आता खानदेश आणि वऱ्हाड हे कापसाचे खरे प्रदेश. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे भीमथडी, इंदापूर, शिरूर हे तालुके ज्वारी-बाजरीचे, अवर्षणाचे. तिथल्या शेतकऱ्याच्या हाती कापसाचा पैसा थेट फारसा आला नाही. त्याला मिळाले ते धान्याचे चढलेले भाव, वाढलेली मजुरी आणि गाडीभाडे. याच वर्षांत रेल्वेचे काम जोरात चालू होते. पुणे-खंडाळा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला होता आणि बोरघाटातली चढण १८६३ मध्ये खुली झाली. मातीकाम, खडी, लाकूड, चुना यांच्या वाहतुकीला माणसे आणि बैल हवे होते, लांबून आलेला माल रेल्वेच्या ठाण्यापर्यंत पोचवायला गाड्या हव्या होत्या. ज्याच्याकडे बैलजोडी आणि गाडी होती त्याला पेरणी आणि सुगी सोडून उरलेले महिने रोख कमाई होती. अशा वेळी जोडी घेणे, जमल्यास दुसरी जोडी घेणे, पडीक जमीन नांगराखाली आणणे, विहिरीला हात घालणे, हे त्याने केले. त्यासाठी काही रोख दिली आणि काही उसनवार केली. सावकारही तेव्हा हात आखडता घेत नव्हता, कारण जमिनीची किंमत वाढत होती आणि कुणब्याची पत तिच्याबरोबर वाढत होती.

या खरेदीला उधळपट्टी म्हणायचे की नाही, हे ठरवण्यापूर्वी तेव्हा बचत कशात करता येत होती ते पाहायला हवे. टपाल खात्याची बचत बँक १८८२ मध्ये सुरू झाली. त्याआधी मुंबईत आणि पुढे जिल्ह्याच्या ठाण्यांत सरकारी बचत बँका होत्या, पण पुणे जिल्ह्यातल्या सुपे किंवा करडे गावच्या शेतकऱ्याला त्या असून नसल्यासारख्या. त्याच्या हाती चार पैसे आले तर ते ठेवण्याच्या जागा तीनच: गोठा, जमीन आणि बायकोच्या अंगावरची चांदी. चांदी अडचणीत मोडता येते, बैल कमावतो, विहीर एखादे अवर्षण निभावून नेते. शहरी माणसाला यातली प्रत्येक गोष्ट खर्च दिसते. कुणब्याच्या घरात ती शिल्लक होती. हा समज चुकीचा नव्हता याचा मोठा पुरावा पुढच्याच दशकात मिळाला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनच्या खेड्यांतून चांदीचे दागिने इतक्या प्रमाणात विकले गेले की मुंबईच्या टांकसाळीत ते वितळवण्यासाठी येत राहिले. तेजीत घेतलेली पाटल्या-वाळ्यांची जी चांदी फाजील हौस म्हणून नोंदली गेली, तिच्यावरच ती घरे काही महिने जगली. तेवढे महिने पुरेल एवढीही चांदी ज्यांच्याकडे नव्हती त्यांचे काय झाले, ते दुष्काळाच्या मृत्यूसंख्येत आहे.

त्याच वर्षांत मुंबईत काय चालले होते तेही शेजारी ठेवले पाहिजे. कापसाचा नफा मुंबईत उतरला आणि त्याला वाट फुटली ती शेअर्सच्या सट्ट्यात. रोज नवी बँक, नवी वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन काढणारी नवी कंपनी. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. सटोडिये प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बे कर्जे देत होती आणि ती कर्जे बहुतेक याच शेअर्सच्या तारणावर होती. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपत आल्याची बातमी आली, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी एकमेकांचे देणे कोणीच चुकते करू शकत नाही हे उघड झाले. बॅक बेच्या शेअर्सना गिऱ्हाईक उरले नाही आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. फेरविचाराची वेळ मुंबईवरही आली होती आणि घेतलेल्या वस्तू इथे बैलांसारख्या कमावणाऱ्याही नव्हत्या. पण मुंबईला दिवाळखोरीचा कायदा नवा नव्हता. इलाख्यांच्या राजधान्यांत दिवाळ्याचे न्यायालय होते, त्यासाठी १८४८ चा कायदा होता, आणि तेवढ्याने भागणार नाही असे दिसताच १८६५ मध्येच मुंबईच्या व्यापाऱ्यांची बुडीत खाती लवकर निकाली काढण्यासाठी खास कायदा झाला. धनको-ऋणकोंनी एकत्र बसावे, विश्वस्त नेमावेत, असलेली मालमत्ता वाटून घ्यावी आणि ऋणको मोकळा व्हावा, हे त्याचे तत्त्व. या कायद्याचा गैरफायदा घेतला गेल्याच्या तक्रारी त्या काळीही झाल्या. तरी त्याच्यामागचा विचार मला योग्य वाटतो: सारे शहर देणेकरी झाले असताना प्रत्येकाला आयुष्यभर त्याच देण्याला बांधून ठेवण्यात कोणाचेच हित नसते. घाट चढून हा विचार पुण्याला पोचायला आणखी चौदा वर्षे लागली.

घाटावर तोपर्यंत काय झाले? रेल्वेचे काम उरकले, मजुरी उतरली आणि ज्या मार्गांवर गाड्या चालत त्यांतल्या कित्येकांवर आता आगगाडीच धावू लागली. गाडी आणि जोडी दारात होती, पण भाडे नव्हते. विकावी म्हटले तर साऱ्यांनाच विकायची होती. त्यातून अवर्षण पडले की कडबा संपतो आणि जनावराचा भाव नेमका तेव्हा उतरतो जेव्हा धन्याला पैशाची गरज सर्वांत जास्त असते. म्हणजे बैल ही खरेदी मोडता येण्याजोगी होती, पण ती मोडण्याची गरज पडावी त्या दिवसांत नव्हे. त्याच सुमारास सरकारी धाऱ्याची, म्हणजे शेतसाऱ्याची, फेरआकारणी सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून १८३६ मध्ये जी तीस वर्षांची जमाबंदी सुरू केली होती तिची मुदत संपली, आणि १८६७ पासून नवी आकारणी आली. ती करताना अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे भाव होते ते तेजीतले. इंदापुरात धारा सुमारे निम्म्याने वाढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७० च्या दशकाच्या आरंभी या वाढीची तपासणी करून तिच्याविरुद्ध आवाज उठवला. अखेर १८७४ मध्ये सरकारने मर्यादा घातली: तालुक्यावर किंवा गावांच्या गटावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खातेदारावर १०० टक्के, याहून जास्त वाढ नको. मर्यादेचे आकडेच सांगतात की प्रत्यक्षात काय होत होते. तेजी ही चार वर्षांची होती. शेतकऱ्याने तिच्या भरवशावर खर्च वाढवला म्हणून त्याला दोष देणाऱ्या सरकारने तिच्याच भरवशावर तीस वर्षांचा धारा ठरवला.

धारा रोख द्यायचा आणि पीक येवो न येवो ठरल्या हप्त्याला द्यायचा. रोख नसेल तर सावकाराकडून आणायचा. इथे कर्जाचे दुसरे यंत्र सुरू होते आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये. कंपनी सरकारच्या १८२७ च्या नियमांत व्याजाला १२ टक्क्यांची मर्यादा होती, ती १८५५ च्या कायद्याने उठली. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांत दावा लावला नाही तर तो बाद. ऋणकोला जुन्यापान्या कागदांच्या जाचातून सोडवावे हा त्यामागचा हेतू, पण झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार कुणब्याला बोलावी आणि जुन्या रोख्याचे मुद्दल अधिक व्याज हे नव्या रोख्याचे मुद्दल करून अंगठा घेई. शंभर रुपये महिना दोन टक्क्यांनी काढले असे धरा. तीन वर्षांत ते १७२ होतात. रोखा नवा झाला की व्याज १७२ वर. सहा वर्षांनी २९६ आणि नऊ वर्षांनी ५०९ रुपये. मुळात घेतलेला बैल तोवर मेलेलाही असेल. दामदुपटीने ही रक्कम दोनशेवर थांबली असती, पण कागदावर प्रत्येक वेळी नवे मुद्दल असल्यामुळे दामदुपटीला धरायला जागाच राहत नसे. दिवाणी न्यायालय कागद पाही, कागदामागचा हिशोब पाहत नसे. कुणबी बहुधा हजरच राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा निघे. त्या हुकूमनाम्याने जमीन, घर, भांडी जप्त होत आणि देणे फिटले नाही तर ऋणकोला दिवाणी तुरुंगातही टाकता येई. शंभराचे पाचशे होतात त्यातल्या चारशे रुपयांत कुणब्याने काहीही विकत घेतलेले नसते. काटकसरीचा उपदेश या चारशे रुपयांपर्यंत पोचतच नाही.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांची घरे आणि दुकाने फोडली. लोण पुणे जिल्ह्याच्या इतर गावांत आणि नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पोचले. त्याआधीच शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने एका सावकाराला वाळीत टाकले होते. दंग्यात लोकांचा रोख खतांवर होता, रोखे आणि गहाणखते ते मागत, मिळाली की जाळत. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे मारहाण बहुधा झाली नाही. नऊशेहून अधिक लोक पकडले गेले. मग सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्या आयोगाचा अहवाल हा या विषयावरचा सर्वांत मोलाचा कागद आहे. त्याचे लेखक सरकारी माणसे होती, शेतकऱ्यांचे वकील नव्हते. त्यांनी गावोगावची खाती तपासली. नगर तालुक्यातल्या बारा गावांत सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी सुमारे एकतृतीयांश कर्जात होते, त्यांचे सरासरी कर्ज त्यांच्या धाऱ्याच्या अठरापट होते आणि त्यातले दोनतृतीयांश जमिनीच्या गहाणावर होते. पुढे लग्नखर्चाबद्दल आयोग जे म्हणतो ते महत्त्वाचे आहे. लग्न आणि सणसमारंभ यांवरच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा फार जास्त महत्त्व दिले गेले आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. असा खर्च ऐपतीच्या मानाने मोठा दिसतो खरा, पण ते प्रसंग क्वचित येतात आणि कित्येक वर्षांचा हिशोब घातला तर त्या स्थितीतल्या माणसाने एवढी हौस करणे गैर म्हणता येणार नाही. लग्नाचा खर्च खात्यात दिसतो, पण कर्जाचे मूळ म्हणून क्वचितच दिसतो. मूळ बहुधा किरकोळ रकमांत सापडते: घरात खायला नाही म्हणून आणलेले धान्य, बी-बियाणे, बैल, सरकारी हप्ता. सवाई-दिढीने घेतलेले पायलीभर दाणे खात्यात ओळीभर जागा घेतात. लग्नाचा खर्च मात्र चार गावांना दिसतो. बाहेरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला जे दिसले ते त्याने कारण म्हणून लिहिले.

आता काटकसर. ज्याला आपण घरखर्च आटोक्यात आणणे म्हणतो, ते दख्खनच्या घरात होत नव्हते असे मानणे अज्ञानाचे आहे. ते अखंड चालू होते आणि त्याचा एक क्रम होता. आधी तूप आणि गूळ जाई, मग डाळ. भाकरी उरे, पण तिच्यात भरड धान्य आणि रानभाजी वाढत जाई. नवे लुगडे आणि धोतर पुढच्या दिवाळीवर ढकलले जाई, आणि तीही दिवाळी पुढे सरके. मग तांब्या-पितळेची भांडी गहाण पडत, त्यानंतर चांदी, त्यानंतर एक बैल. एक बैल गेल्यावर शेजाऱ्याशी सावड करून नांगर धरायचा, म्हणजे पेरणी उशिरा, म्हणजे पीक कमी. या क्रमात पहिल्या काही पायऱ्यांवर पोट आवळून पैसा वाचतो. बैलापाशी आले की प्रत्येक काटछाट पुढच्या वर्षाचे उत्पन्नच कापते. मला वाटते, काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांचे सर्वांत मोठे दुर्लक्ष इथे झाले. पायरी कोणती आहे हे न पाहता त्यांनी एकच सल्ला सर्वांना दिला.

यावर पहिला आक्षेप असा की लग्नातला अवास्तव खर्च ही काही साहेबांची कल्पना नव्हती. आपल्याच सुधारकांनी त्यावर टीका केली आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला, त्याच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे भटजीशिवाय आणि अगदी थोडक्या खर्चात लग्ने लावणे. मग खर्च हे कारण नाही कसे म्हणता? यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. फुल्यांचा रोख त्या खर्चातून कोणाचे घर भरते आणि कोणाची मान खाली राहते यावर होता, आणि तो खर्च थांबवणे त्यांना आत्मसन्मानासाठी हवे होते. पण शेतकरी लग्नात पैसा उडवतो म्हणून कर्जबाजारी होतो, हे म्हणणे त्यांनी मान्य केले नाही. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी कुणब्याच्या घरातले सामान, त्याचे अन्न, त्याचे वस्त्र यांचे बारकाईने वर्णन केले आणि धारा, वेगवेगळे कर, नोकरशाहीची लूट, कोर्टकचेऱ्या यांच्याकडे बोट दाखवले. घरात काय काय आहे याची मोजदाद करणे हा त्यांचा युक्तिवादच आहे: एवढ्यातून काय कापायचे ते दाखवा. एक अनिष्ट खर्च बंद करा म्हणणे आणि सर्व दारिद्र्याचे खापर त्या खर्चावर फोडणे या गोष्टी एक नाहीत, हे फुल्यांना स्पष्ट दिसत होते.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये मांडले की या दंग्यांना फाजील महत्त्व दिले गेले. ते थोड्याच गावांत, थोडेच दिवस झाले आणि सावकारांच्या हाती शेतजमिनीचे प्रचंड हस्तांतर झाल्याचे चित्र अतिरंजित आहे. दंग्यांच्या व्याप्तीबद्दल ते बरोबर आहेत. सावकार हाच सगळ्याचा खलनायक, ही मांडणीही मला अपुरी वाटते. भीमथडीचा गुजर किंवा मारवाडी सावकार स्वतः पुण्या-मुंबईच्या पेढीचा देणेकरी असे, त्याच्या धंद्यात बुडीत मोठी होती, आणि बहुतेकदा त्याला जमीन नको होती, जमीन कसून हप्ते देत राहणारा कुणबी हवा होता. पण दंगा झालेली गावे मोजून कर्जाचे मोजमाप होत नाही. जिथे दंगा झाला नाही तिथली खतेही त्याच कायद्याखाली, दर तीन वर्षांनी तशीच नवी होत होती. आणि जमीन सावकाराच्या नावावर गेली नाही, हे कुणब्याच्या सुस्थितीचे लक्षण मानणे धोक्याचे आहे. नाव त्याचेच राहून पीक खळ्यावरूनच दुसऱ्याच्या बळदात जाऊ शकत होते.

१८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता तो होता. न्यायालयाने रोख्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळे करावे, हप्ते बांधून द्यावेत, सावकाराने पावती द्यावी आणि हिशोब दाखवावा, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशी त्यात तरतूद होती. शेतकऱ्याला दिवाळखोरी जाहीर करण्याची वाटही त्यात होती. मुंबईच्या शेठियांना जे मिळाले होते, त्याचा एक अंश इतक्या वर्षांनी घाटावर आला. त्याचा परिणाम मिश्र झाला. सावकारांनी कर्ज देणे कमी केले, आणि दिले तर गहाणखताऐवजी साधे खरेदीखत करून घेऊ लागले. तोंडी वचन असे की पैसे फेडल्यावर जमीन परत. संरक्षण दिले की पत आटते, म्हणून संरक्षणच नको, असा निष्कर्ष यातून काढणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी वेगळा निष्कर्ष काढला. पत आटते तर दुसरीकडून पत आणा, म्हणून १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेती बँकेची योजना पुढे केली. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते, पण लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ उजाडले. मधल्या वीस वर्षांत दख्खनने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाहिले.

पुढच्या पिढीतले पुरावेही हेच सांगतात. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा घराघरांतून अभ्यास केला आणि तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १०३ कुटुंबांपैकी निव्वळ जमिनीवर सुस्थितीत होती ती आठ. बाहेरची मजुरी धरूनही सुमारे दोनतृतीयांश घरांचा मेळ बसत नव्हता, आणि हा मेळ त्यांनी अगदी साध्या राहणीच्या मापाने घातला होता. १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुकचा अभ्यास आला. तिथे मेळ न बसणारी कुटुंबे ८५ टक्के निघाली. याच घरांतली माणसे मुंबईच्या गिरण्यांत जात होती. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये तिथल्या कामगार कुटुंबांची अंदाजपत्रके गोळा केली, त्यात महिन्याची सरासरी कमाई ५२ रुपयांच्या आसपास होती आणि खर्चातला निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जात होता. तरीही त्या अहवालाचा निष्कर्ष असा की ही कुटुंबे खातात ते धान्य तुरुंगातल्या कैद्याला नियमाने मिळणाऱ्या धान्यापेक्षा कमी आहे. ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. दर रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा सर्रास दर होता, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. कैद्याहून कमी खाणाऱ्या घराला आणखी काय कापायला सांगणार? सांगणारे होतेच. गिरणी कामगारांचा दारू आणि लग्नांवरचा खर्च हा त्या काळच्या मालकवर्गाच्या बोलण्यातला नेहमीचा विषय होता. दारूने घरे बुडाली हे खोटे नाही आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण ७५ टक्के व्याजाच्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय त्याचे माप कळत नाही.

पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवडचा भाग आहे आणि मान यांनी मोजलेल्या शेतांवर सदनिकांचे मनोरे उभे आहेत. तिथे घर घेणाऱ्याचे कर्ज कुणब्याच्या कर्जासारखे नाही. व्याज ठरलेले असते, हिशोब लेखी मिळतो, नोंदणी होते, बांधकाम व्यावसायिकावरही आता कायद्याचा वचक आहे. दीडशे वर्षांत हे कमावले गेले आहे आणि ते कमी लेखू नये. एक गोष्ट मात्र फारशी हललेली नाही. बुडीत कंपन्यांची खाती ठरलेल्या मुदतीत निकाली काढण्यासाठी २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता झाली आणि कंपन्यांना तिचा उपयोगही होतो आहे. याच संहितेत साध्या व्यक्तीच्या दिवाळखोरीचेही प्रकरण आहे, पण २०१९ पासून ते लागू झाले ते केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींना. नोकरी गेलेला, आजारपणात हप्ते थकलेला माणूस या संहितेच्या बाहेर आहे. तो मुंबईत राहत असेल तर त्याच्यासाठी १९०९ चा कायदा आहे, आणि घाट चढून पुण्याला राहत असेल तर १९२० चा.